एका नावाचे दोन कागद

स्मरणिकेच्या संपादकांनी कळवलं होतं की शाळेच्या आठवणी सगळेच लिहितात, तुम्ही इस्रायलमध्ये सध्या काय करता ते लिहा. तेव्हा छड्या, पाढे आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा इतरांवर सोपवतो आणि एका वेगळ्याच माजी विद्यार्थ्याबद्दल लिहितो. तो आपल्या शाळेचा नाही. अलिबाग त्याने नकाशातसुद्धा पाहिलं नसेल.

आपल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांचा फलक आहे. काळं लाकूड, पिवळा रंग, साल आणि नाव. इस्रायलमधल्या जुन्या शाळांतही असा फलक असतो आणि त्यावरही साल आणि नावच असतं. फक्त ती सालं युद्धांची असतात, 1948, 1956, 1967, 1973, 1982 अशी, आणि नावं त्यांत मारल्या गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची. 1973 या सालासमोरची यादी बहुतेक ठिकाणी लांब असते.

कुणा एकाचं नाव मी घेत नाही. लात्रूनला रणगाडा दलाचं स्मारक आणि संग्रहालय आहे, तिथे येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम मी करतो. तिथल्या भिंतीवर जवळपास पाच हजार नावं कोरलेली आहेत. त्यातला 1973 चा भाग घेतला आणि 'वय विशीच्या आसपास, रणगाड्यात लोडर (गोळा भरणारा), आईवडील नाझींच्या छळछावणीतून वाचलेले' एवढ्याच खुणा लावल्या, तरी एकाहून अधिक घरं समोर येतात. न विचारता त्यांतलं कुठलंच छापणं बरं नाही. खाली जो 'तो' आहे, तो त्या सगळ्यांचा मिळून एक आहे असं समजा.

आधी त्याचे आईवडील. 1945 मध्ये दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा वाचलेल्यांपैकी बहुतेकांना परतायला घरच नव्हतं. जर्मनीतच बेर्गन-बेल्सन, लांड्सबर्ग, फोरेनवाल्ड इथे निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथे ते दोन-चार वर्षं राहिले. तिथे लग्नांची रीघ लागली होती. एकच पांढरा पोशाख कितीतरी नववधूंनी पाळीपाळीने घातला. ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून बोटीने पॅलेस्टाईनला निघालेले पन्नास हजारांवर लोक सायप्रसमध्ये पुन्हा काटेरी तारांमागे अडकले. 1948 नंतर वाट मोकळी झाली. 1950 च्या सुमारास इस्रायलमध्ये साधारण दर तीन माणसांत एक असा युरोपातून वाचून आलेला होता.

इथे एक दुरुस्ती, कारण भारतातून येणारे पाहुणे हमखास चुकतात. हातावर निळा आकडा गोंदलेला नाही म्हणजे माणूस छावणीत नव्हता, असं नाही. गोंदण्याची पद्धत फक्त ऑशवित्झमध्ये आणि तिच्या उपछावण्यांत होती. ट्रेब्लिंकासारख्या ठिकाणी आणलेल्यांना बहुधा काही तासांतच मारत, तिथे आकड्याची गरजच नव्हती.

मुलगा झाला की नावाचा प्रश्न येतो. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि सासऱ्यांचं नाव तोंडी यायला नको म्हणून आई त्याला घरात बाळ्या-बंड्या म्हणते. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची रीत अशी की हयात माणसाचं नाव बाळाला ठेवायचं नाही, गेलेल्याचंच ठेवायचं. 1950 च्या आसपास या घरांत नावांची कमी नव्हती, बाळंच कमी होती. म्हणून जोडनावं आली, एक आजोबांचं आणि एक मामाचं. यिद्दिश, म्हणजे या ज्यूंच्या घरच्या भाषेतल्या, नावाचं हिब्रू करून घेत. हर्श असेल तर त्झ्वी, कारण दोन्हींचा अर्थ हरीण. वोल्फचा झेएव, म्हणजे लांडगा. बेरचा दोव, म्हणजे अस्वल. वर्गात हजेरी घेताना शिक्षिका नुसतं 'त्झ्वी' म्हणायची, पण आईच्या कानाला त्यात तिच्या वडिलांचं 'हर्श' ऐकू यायचं. हे लक्षात ठेवा, कागदपत्रांचा घोळ पुढे इथूनच सुरू होतो.

अठराव्या वर्षी सैन्यभरती. मुलगा एकुलता एक असेल तर लढाऊ तुकडीत जाण्यासाठी आईवडिलांची लेखी संमती लागते. या घरांतल्या कित्येक मुलांनी ती सही हट्टाने मिळवली. 1961 मध्ये जेरुसलेमला ज्यूंच्या संहारातला नाझी अधिकारी आइखमन याचा खटला चालला, रेडिओवर साक्षी लागत, तेव्हा ही मुलं आठ-नऊ वर्षांची होती. घरात कधी न बोललेलं त्यांनी रेडिओवर ऐकलं. त्या हट्टाचं मूळ मला तिथे दिसतं. अर्थात काहींना फक्त रणगाडाच आवडत असेल, विशीतल्या पोरांचं सांगता येत नाही.

आता त्याचं काम. सेंच्युरियन हा मूळचा ब्रिटिश रणगाडा, वजन पन्नास टनांच्या घरात. इस्रायलने त्याला डिझेल इंजिन आणि 105 मिलिमीटरची तोफ बसवली. आत चौघे. चालक पुढे खाली. टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या भागात, तोफेच्या उजवीकडे नेम धरणारा तोफची आणि त्याच्या मागे वर कमांडर. डावीकडे एकटा लोडर. हिब्रूत त्याला 'टान-कशार' म्हणतात, म्हणजे गोळा भरणारा आणि वायरलेस सांभाळणारा. चौघांत सगळ्यांत कमी शिकवलेला आणि सगळ्यांत जास्त दमणारा तोच.

गोळा भरण्याची रीत सांगायला सोपी आहे. कमांडर गोळ्याचा प्रकार ओरडून सांगतो. चिलखत भेदणारा वेगळा, इतर लक्ष्यांसाठीचा वेगळा. वजन अठरा ते बावीस किलोच्या दरम्यान. रॅकमधून काढायचा, टोक तोफेच्या मागच्या तोंडात घालायचं आणि वळलेल्या मुठीने आत ढकलायचा. मूठ का, तर गोळ्याची कड आत बसली की जाड पोलादी ठोकळा आपोआप सरकून तोंड बंद करतो. बोटं सरळ असतील तर ती आतच राहतात. मग सुरक्षा-कळ फिरवायची, कोपर मागे घ्यायचं आणि तयार असल्याचं ओरडायचं. तोफ उडाली की तिचा मागचा भाग झटक्यात मागे येतो, त्या वाटेत खांदा असेल तर हाड मोडतं. रिकामं पितळी नळकांडं खाली पडतं. ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि त्यातून धूर येत असतो. पाच-सहा नळकांडी पायात जमली की उभं राहता येत नाही, म्हणून मधूनच ती बाहेर फेकावी लागतात. त्यासाठी झाकण उघडावं लागतं. बाहेर तोफखान्याचा मारा चालू असेल तर धातूचे तुकडे त्याच झाकणातून आत येतात. बंद ठेवलं तर धुराने जीव घुसमटतो. दोन्हीतलं काय निवडायचं ते लोडर दर काही मिनिटांनी ठरवत असतो.

त्याला लढाई दिसत नाही. तोफचीला दुर्बीण आहे, इस्रायली कमांडर तर डोकं बाहेर काढूनच उभा राहतो, आणि म्हणून कमांडर फार मरतात. लोडरला फक्त कानातल्या यंत्रातून आवाज ऐकू येतात.

6 ऑक्टोबर 1973, शनिवार, योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मंडळींत या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचे. दारं लावून, पांढरे कपडे घालून, निर्जळी उपास करायचा. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, 'यिझकोर', म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना होते. अश्केनाझींच्या रिवाजात ज्यांचे आईवडील हयात आहेत ते तेवढ्यापुरते बाहेर जाऊन उभे राहतात. त्या सकाळी या घरांतले बाप आत उभे राहून आपल्या मारल्या गेलेल्या आईवडिलांसाठी यिझकोर म्हणत होते आणि सुट्टीवर घरी असलेली मुलं बाहेर अंगणात होती. दुपारी दोनच्या सुमारास हल्ल्याचा भोंगा वाजला. सणामुळे रस्ते मोकळे होते आणि राखीव सैनिक घरात नाहीतर सिनेगॉगमध्येच सापडत होते, त्यामुळे जमवाजमव भराभर झाली, एवढाच काय तो फायदा.

तो घरी नव्हता, गोलान पठारावर होता. तिथे तेव्हा इस्रायलचे पावणेदोनशेच्या आसपास रणगाडे होते आणि समोर सीरियाचे सुमारे चौदाशे. दक्षिणेकडे 188 वी 'बराक' ब्रिगेड, उत्तरेकडे सातवी. सेंच्युरियनची तोफ सीरियाच्या टी-55 रणगाड्याच्या मानाने जास्त खाली झुकते. म्हणून मातीच्या उतरंडी आधीच बांधून ठेवल्या होत्या. रणगाडा उतरंडीवर चढवायचा, फक्त टरेट वर ठेवायचा, गोळा टाकायचा आणि मागे यायचं. दिवसा हे जमलं. रात्री सीरियन रणगाड्यांकडे इन्फ्रारेड दिवे आणि दुर्बिणी होत्या, इस्रायलींकडे तशी साधनं जवळपास नव्हती आणि उजेडाच्या तोफगोळ्यांचाही तुटवडा होता. समोरचा रणगाडा अगदी जवळ येईपर्यंत कळत नसे. दक्षिणेची ब्रिगेड पहिल्या दीड दिवसात जवळजवळ संपली. ब्रिगेडचे कमांडर यित्झाक बेन-शोहम तिथेच मारले गेले. उत्तरेला ज्या खोऱ्याला पुढे 'अश्रूंचं खोरं' नाव पडलं, तिथे चार दिवस लढाई चालली. तिथे पडलेल्या सीरियन रणगाड्यांतही विशीतलीच पोरं होती, होम्स आणि अलेप्पोकडची. त्यांच्या नावांची भिंत लात्रूनला नाही, एवढं मी येणाऱ्यांना सांगतो.

रणगाड्यात साठ-सत्तर गोळे मावतात. नेटाची लढाई असेल तर ते काही तासांत संपतात. मग एकेका रणगाड्याने आळीपाळीने मागे येऊन ट्रकमधून गोळे भरायचे. एक जण जमिनीवर, एक रणगाड्याच्या पाठीवर, एक आत. पन्नास गोळे म्हणजे एक टन वजन हातांवरून. आत घेणारा लोडरच. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा हात तिसऱ्या वेळी सैल पडतो आणि गोळा वाकडा बसून अडकतो. मग तो बाहेर काढेपर्यंत रणगाडा मुका. रणगाड्यांच्या लढाईत एवढा वेळ पुरतो. तो असाच गेला की दुसऱ्या कशाने, हे बऱ्याच घरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

न कळण्यामागे कारण आहे. त्या दोन दिवसांत रणगाड्यांचे संच ठरलेले राहिले नव्हते. या बाबतीत त्झ्विका ग्रीनगोल्डचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. वय 21, लोहामेई हागेताओत या किबुत्झचा, म्हणजे सामुदायिक वसाहतीचा, मुलगा. हे किबुत्झ 1949 मध्ये घेट्टोंतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांतल्या, उठावांतून वाचलेल्यांनीच वसवलं, त्याचे आईवडीलही त्यांतलेच. तो रजेवर होता, रस्त्यात वाहनांना हात करत गोलानवरच्या नफाहच्या तळावर पोचला, दुरुस्त झालेले रणगाडे आणि हाताशी आलेली माणसं घेऊन तेलवाहिनीच्या रस्त्यावर गेला आणि रात्रभर लढला. एक रणगाडा निकामी झाला की दुसऱ्यात. तो भाजला, पण वाचला, आणि त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ही गोष्ट लोकांना आवडते. तिची दुसरी बाजू अशी की अशा प्रत्येक बदलात बाकीचे तीन जण कोण होते याची नोंद कुठेच होत नव्हती. ज्या तुकडीच्या यादीत मुलाचं नाव होतं त्या तुकडीचा रणगाडा सुखरूप सापडायचा, आणि मुलगा भलत्याच रणगाड्यात जळालेला असायचा. म्हणून कित्येकांच्या नावापुढे आठवडेच्या आठवडे 'बेपत्ता' लिहिलेलं राहिलं.

बातमी लष्कराच्या शहर-अधिकाऱ्याच्या कचेरीतून माणसं येऊन सांगायची. वाचून आलेल्या लोकांच्या घरी दारावरची थाप हा वेगळाच विषय होता, तो मी इथे उघडत नाही. युद्धात सव्वीसशेंवर सैनिक गेले, इतक्या मृतांची व्यवस्था एकदम होईना. म्हणून पुष्कळांना आधी तात्पुरत्या दफनभूमीत ठेवलं आणि पुढे गावाजवळच्या लष्करी दफनभूमीत आणलं. त्या बापांनी मुलाला दोनदा पुरलं. त्यांच्या स्वतःच्या वडिलांना एकदाही पुरता आलं नव्हतं.

लष्करी थडगं सगळ्यांचं सारखं, सेनापती असो की साधा शिपाई. आडवा दगड, त्याला हिब्रूत उशीच म्हणतात. त्यावर नाव, हुद्दा, आईवडिलांची नावं, जन्मस्थळ, कुठल्या लढाईत पडला, हिब्रू तारीख आणि वय. भोवती बहुधा रोजमेरीची झुडपं. तारखेत चूक इथे होते. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, हिब्रू तारीख सूर्यास्ताला. शनिवारी दुपारी गेलेला 10 तिश्रीचा, त्याच संध्याकाळी सात वाजता गेलेला 11 तिश्रीचा, इंग्रजी तारीख मात्र दोघांची एकच. कुणी साथीदार 'रविवारी रात्री' म्हणतो, दुसरा 'अंधार पडायच्या जरा आधी' म्हणतो. दरवर्षी काद्दीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, कोणत्या दिवशी म्हणायचा ते या पाऊण तासावर ठरतं. आपल्याकडे श्राद्धाची तिथी चुकली की भटजींशी वाद होतात, तसेच वाद तिथेही होतात.

निदान त्या बापाला वाद घालायला तारीख होती. स्वतःच्या आईवडिलांच्या मृत्यूची तारीख त्याला माहीतच नव्हती. अशांसाठी मुख्य रब्बींनी तेवेत महिन्याची दहावी हा काद्दीशचा सामायिक दिवस ठरवून दिला आहे. म्हणजे घरात वर्षातून दोनदा मेणबत्ती लागते. तिश्रीतली नातवासाठी, तेवेतमधली आजोबांसाठी. नाव दोन्हींना एकच.

आता दोन कागद. पहिला, संरक्षण खात्याच्या 'यिझकोर' नोंदीतलं पान. जन्म, शाळा, छंद, सैन्यातली वाटचाल, शेवटची लढाई. दुसरा, होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मारकसंस्थेचं, याद वाशेमचं साक्षपत्र. हिब्रूत 'दाफ एद'. एका मृतासाठी एक कागद. नाव, जन्मगाव, आईवडील, जोडीदार, व्यवसाय, युद्धाच्या काळातला पत्ता, मृत्यूचं ठिकाण, आणि खाली भरणाऱ्याची सही आणि नातं. अशी साक्षपत्रं आणि इतर याद्या मिळून आतापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास नावं गोळा झाली आहेत. शाळेला माजी विद्यार्थ्याची माहिती नीट लावायची असेल तर हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि तेव्हाच गडबडी दिसतात.

आडनाव जुळत नाही, कारण इथे आल्यावर पुष्कळांनी ते हिब्रू केलं. खुद्द बेन-गुरियन मूळचे ग्रुएन. जन्मगाव जुळत नाही, कारण एकाच शहराला पोलिश लोक ल्वूव म्हणत, जर्मन लेम्बर्ग आणि आज ते ल्विव. आईचं वय जुळत नाही. ऑशवित्झला गाडीतून उतरल्यावर ज्या मुलींना कुणीतरी कानात सांगितलं, त्यांनी वय दोन-तीन वर्षं वाढवून सांगितलं, तरच त्या कामाच्या रांगेत गेल्या. ते खोटं वय पुढच्या सगळ्या कागदांवर राहिलं. दोन भावंडांनी एकाच बापासाठी वेगवेगळी साक्षपत्रं भरली की एका माणसाचे दोन होतात. शोधताना आजोबा 'हर्श' नावाने शोधायचे, 'त्झ्वी' घातलं तर कित्येकदा काहीच येत नाही.

फोटोची अडचण सगळ्यांत मोठी. मुलाचे असतात. बार मित्झ्वाचा, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीचा, वर्गाचा, भरतीच्या दिवशीचा. आजोबांचा नसतो, कारण सामान फलाटावरच काढून घेतलं जायचं. फोटो मिळालाच तर युद्धाआधी न्यूयॉर्क किंवा ब्युनोस आयर्सला गेलेल्या एखाद्या चुलत्याच्या अल्बममधून मिळतो. म्हणून आधी अशा नातेवाइकांना पत्र घालायचं. उशीर केला तर अल्बम पुढच्या पिढीकडे जातो आणि फोटोतला माणूस कोण ते सांगणारं कुणी उरत नाही. पाठीमागे पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर पुढच्या बाजूइतकीच मागची बाजूही टिपून घ्यायची. ओळख पटवणारं यिद्दिश अक्षर बहुधा तिथेच असतं.

होलोकॉस्ट-स्मरणदिन निसान महिन्याच्या सत्तावीसला आणि शहीद सैनिकांचा दिवस इयारच्या चारला. मध्ये बरोबर सात दिवस, वार आडवे आले तर एखादा दिवस इकडेतिकडे. पहिल्या दिवशी सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा, दुसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आठला एक मिनिट आणि त्या दिवशी सकाळी अकराला दोन मिनिटं. गिरणीच्या भोंग्यासारखाच आवाज, फक्त रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात आणि माणसं खाली उतरून उभी राहतात. शाळेत तेव्हा फलकासमोर एकेका नावाला एकेक विद्यार्थी उभा असतो. चांगल्या शाळा नाव वाचणाऱ्याकडून आधी तालीम करून घेतात, कारण आजची मुलं यिद्दिश नावं चुकीची उच्चारतात आणि मागच्या रांगेत बसलेल्या सत्तरी-ऐंशीच्या वर्गमित्रांना ते खटकतं. नाव पूर्ण वाचायचं, आईवडिलांच्या नावांसह. काही शाळांत त्याच मुलाने आठवड्यापूर्वी त्या सैनिकाच्या आजोबांचं नावही वाचलेलं असतं.

लात्रूनला आलात तर वाटेत रामले लागतं, तिथे आपली पुष्कळ मंडळी आहेत, मराठी ऐकू येईल. स्मारकाचा किल्ला म्हणजे ब्रिटिशांनी बांधलेलं पोलीस ठाणं, भिंतीवर गोळ्यांच्या खुणा तशाच आहेत. आवारात सेंच्युरियन उभा आहे. मुलांना तोफेवर चढायची घाई असते, चढू द्या. मोठ्यांनी तेवढ्यात टरेटच्या डाव्या बाजूला जाऊन लोडरचं झाकण बघावं. एक माणूस जेमतेम बाहेर पडेल एवढंच आहे ते. मग भिंतीकडे या. दफनभूमीत जाणार असाल तर हार-फुलं शोधत बसू नका. लहानसा खडा उचलून दगडाच्या कडेला ठेवतात.